‘बंद पडलाय, लगेच या’ हा फोन येण्याआधी: ऑफिसच्या कॉम्प्युटरची तब्येत लांबून कशी बघायची



कॉम्प्युटर रिपेअरिंगचा किंवा एएमसीचा धंदा करणाऱ्यांसाठी आणि तो सुरू करायचा विचार असणाऱ्यांसाठी हा लेख आहे. व्हिडिओमध्ये मी स्क्रीनवर जे भराभर दाखवलं ते इथे सावकाश सांगतो. आकडे आणि नावं व्हिडिओ थांबवून लिहून घेणं कटकटीचं असतं.

आधी धंद्याचं गणित, मग सॉफ्टवेअर. बरेच जण उलटं करतात.

तुम्ही ‘कॉल आला की पैसे’ या पद्धतीनं काम करत असाल, तर कॉम्प्युटर बिघडला की तुमची कमाई. वर्षाची एएमसी घेतली असेल तर पैसे आधीच ठरलेत, आणि प्रत्येक कॉल हा तुमचा खर्च आहे. पेट्रोल तुमचं, वेळ तुमचा, पोराचा पगार तुमचा. म्हणून लांबून नजर ठेवण्याचा खरा फायदा एएमसीवाल्याला होतो. सुट्या कॉलवर जगणाऱ्याने हे सगळं बसवलं, तर तो स्वतःचंच काम कमी करून घेईल. त्यानं आधी एएमसीकडे वळावं.

समजा तुमच्याकडे १२ ऑफिसं आहेत, प्रत्येकात ८ कॉम्प्युटर, म्हणजे एकूण ९६. एका कॉम्प्युटरमागे वर्षाला २ कॉल धरले तर १९२ कॉल झाले. जाऊन-येऊन एका कॉलला २ तास लागतात असं धरलं तर ३८४ तास, म्हणजे आठ तासांचे ४८ दिवस. यातले एक तृतीयांश कॉल टळले तरी १६ दिवस मोकळे होतात. हे आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत. तुमच्या कॉल रजिस्टरमधले आकडे घाला आणि तुमचं उत्तर काढा. रजिस्टर ठेवत नसाल तर आजपासून ठेवा, त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

आणि कस्टमरच्या बाजूनं बघा. मासिक जीएसटीआर-३बी भरायची शेवटची तारीख २०. एखाद्या सीए ऑफिसमध्ये १९ तारखेला दुपारी टॅलीवाल्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली, तर त्या दिवशी तुम्ही कितीही धावपळ करा, लक्षात राहते ती फक्त डिस्क गेल्याची गोष्ट. मार्चमध्ये एएमसी रिन्यू करायची वेळ आली की ती आठवण बाहेर येते. त्याच डिस्कनं आठ-दहा दिवस आधी काही खुणा दिल्या असतील आणि त्या कोणी बघितल्याच नसतील, हे कस्टमरला कधी कळत नाही. पण तुम्हाला कळायला हवं.

डिस्क काय सांगते

प्रत्येक हार्ड डिस्क आणि एसएसडी स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते. या सोयीचं नाव ‘स्मार्ट’. त्यात नंबर दिलेल्या बऱ्याच नोंदी असतात. सगळ्या बघत बसलात तर डोकं फिरेल. हार्ड डिस्कसाठी पाच नोंदी पाठ करा: ५, १८७, १८८, १९७ आणि १९८. बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी डेटा साठवण्याचा धंदा करते आणि २०१३ पासून आपल्या हजारो डिस्कची माहिती सगळ्यांसाठी खुली ठेवते. तिनेही याच पाच नोंदींवर लक्ष ठेवल्याचं लिहिलंय.

सोप्या भाषेत सांगतो. ५ म्हणजे खराब झालेल्या किती जागा डिस्कनं बाद करून राखीव जागा वापरल्या. १९७ म्हणजे किती जागा आत्ता संशयित आहेत, धड वाचता येत नाहीत. १९८ आणि १८७ म्हणजे न सुधारता आलेल्या चुका. १८८ म्हणजे डिस्कनं वेळेत उत्तर दिलं नाही असं किती वेळा झालं.

माझा नियम असा आहे. १९७ किंवा १९८ शून्यावरून हलला की त्याच दिवशी बॅकअप तपासायचा आणि त्याच आठवड्यात डिस्क बदलायची. ५ नंबर दोन-चार वर येऊन महिनाभर तिथेच थांबला असेल तर लक्ष ठेवायचं, पण दर आठवड्याला वाढत असेल तर वाट बघायची नाही. एकटा आकडा फार काही सांगत नाही. मागच्या आठवड्यात किती होता आणि आज किती आहे, यात खरी बातमी असते. ही तुलना वर्षातून दोनदा ऑफिसला जाऊन होत नाही. त्यासाठी रोज आपोआप नोंद घेणारं काहीतरी लागतं.

आता १९९ नंबर. यात गडबड दिसली की नवीन मुलं लगेच डिस्क बदलायला निघतात. ही नोंद डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातल्या देवाणघेवाणीच्या चुकांची आहे. बहुतेक वेळा दोष साटा केबलचा किंवा ती ढिली बसल्याचा निघतो. केबल बदला, आकडा वाढायचा थांबतो का बघा. आकडा मागे येत नाही, फक्त वाढायचा थांबतो, हे ध्यानात ठेवा. पन्नास-शंभर रुपयांच्या केबलसाठी चांगली डिस्क फेकणारा टेक्निशियन कस्टमरला महागात पडतो.

आता या पद्धतीची मर्यादा सांगतो, कारण ही गोष्ट कस्टमरला विकताना तुमच्या तोंडून भलतं वचन जाऊ नये. गूगलच्या इंजिनिअरांनी २००७ मध्ये एक लाखाहून जास्त हार्ड डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता, चूक न सापडलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. म्हणजे खूण दिसली तर ती गंभीर आहे. पण त्याच अभ्यासात बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कमध्ये सगळ्यात भरवशाच्या चार खुणांपैकी एकही दिसली नव्हती! बॅकब्लेझचा आकडा यापेक्षा बरा आहे. त्यांच्या २०१६ च्या हिशेबात बंद पडलेल्या डिस्कपैकी ७६.७ टक्के डिस्कनी पाचपैकी एखादी तरी खूण दिली होती. तरीही जवळपास चौथा हिस्सा गुपचूप गेला.

म्हणून ‘साहेब, आता डिस्क कधीच अचानक जाणार नाही’ असं म्हणू नका. ‘ज्या डिस्क इशारा देतात त्या आम्ही वेळेत बदलू, आणि ज्या देत नाहीत त्यांच्यासाठी रोजचा बॅकअप झाला की नाही तेही बघू’ असं म्हणा. बॅकअप बघणं हे हार्डवेअरचं काम नाही असं कोणी म्हणेल. माझ्या मते बॅकअपवर लक्ष नसेल तर बाकीच्या निम्म्या गोष्टी बघण्यात अर्थ नाही.

एसएसडीचं थोडं वेगळं आहे. नवीन एनव्हीएमई एसएसडीमध्ये ‘किती टक्के आयुष्य वापरलं’ आणि ‘राखीव जागा किती उरली’ हे सरळ आकड्यात मिळतं. आयुष्याचा आकडा १०० च्या पुढेही जाऊ शकतो. तो कंपनीने ठरवलेल्या हिशेबावर असतो, त्यामुळे १०० झाले म्हणजे त्याच क्षणी एसएसडी मेली असं नाही. साध्या ऑफिसच्या वापरात हे आकडे फार हळू सरकतात. एसएसडी गेली तर बऱ्याचदा तिच्यातला कंट्रोलर जातो, आणि तो आधी सांगत नाही. परत बॅकअपच!

वीज: एक कॉम्प्युटर की सगळे?

नेटवर्कवरून सगळे कॉम्प्युटर एकत्र बघण्याचा सगळ्यात मोठा फायदा मला इथे वाटतो. विंडोजमध्ये नीट बंद न होता कॉम्प्युटर गेला की पुढच्या वेळी सुरू होताना ४१ नंबरची नोंद होते. पण त्या नोंदीवर वेळ असते ती परत सुरू झाल्याची. कधी बंद पडला ते ६००८ नंबरच्या नोंदीत लिहिलेलं असतं. दोन्ही गोळा करा.

आता या वेळा एका कागदावर मांडा. एकाच ऑफिसचे पाच कॉम्प्युटर ३ वाजून १२ मिनिटांनी गेले असतील, तर गुन्हेगार यूपीएसची बॅटरी किंवा त्या लाइनचं वायरिंग. त्या पाचांपैकी एकही कॉम्प्युटर उघडायची गरज नाही. एकटा चार नंबरचा कॉम्प्युटर आठवड्यात तीनदा वेगवेगळ्या वेळी गेला असेल, तर एसएमपीएस, त्याच्या टेबलाखालचं एक्स्टेंशन बोर्ड किंवा गरम होणं बघायचं. आणि सगळे कॉम्प्युटर रोज संध्याकाळी सातच्या सुमारास ‘अचानक’ बंद पडत असतील, तर हार्डवेअर ठणठणीत आहे. कोणीतरी जाता जाता शटडाऊन न करता मेन स्विच ओढतंय! हे आपल्याकडच्या ऑफिसमध्ये सर्रास चालतं. पॉवर बटण दाबून धरलं तरी हीच नोंद होते, म्हणून आधी विचारा, मग स्क्रू ड्रायव्हर काढा.

त्या मेन स्विचचा अजून एक परिणाम होतो. रात्रभर वीज पूर्ण बंद असली की मदरबोर्डचं घड्याळ सीआर२०३२ या छोट्या सेलवर चालतं. सेल संपला की सकाळी तारीख मागे गेलेली असते, मग वेबसाइट उघडताना सिक्युरिटीची चूक येते आणि कस्टमर ‘इंटरनेट बंद आहे’ म्हणून फोन करतो. सुरू होताना एखाद्या कॉम्प्युटरची वेळ चुकलेली दिसली, तर पुढच्या फेरीला खिशात सेल घेऊन जा.

तापमानाबद्दल थोडक्यात. प्रोसेसर किती गरम झाला की धोका, याचा एकच आकडा सगळ्यांना लावू नका. प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं. त्यापेक्षा प्रत्येक कॉम्प्युटरचा काम नसतानाचा तापमानाचा आकडा पहिल्या आठवड्यात लिहून ठेवा. तो दोन-तीन महिन्यांत १५ अंशांनी चढला तर आत धूळ भरलीय, पंखा मंदावलाय किंवा थर्मल पेस्ट सुकलीय. मार्च-एप्रिलमध्ये खोलीच तापते, तेव्हा सगळ्यांचेच आकडे थोडे वर जातील. इथेही तीच युक्ती: एकटा वर गेला की सगळे?

आणि काय दिसत नाही ते पण ऐका. फुगलेला कॅपॅसिटर दिसत नाही. यूएसबी केबल नसलेल्या स्वस्त यूपीएसची बॅटरी दिसत नाही. साध्या डेस्कटॉपच्या रॅममधली चूक बहुतेक वेळा दिसत नाही, कारण ती पकडायची सोय सर्व्हरच्या महागड्या रॅममध्ये असते. त्यामुळे तीन महिन्यांतून एकदा प्रत्यक्ष जाऊन ब्लोअर मारणं बंद करू नका. ती फेरी ऑफिसातल्या लोकांशी बोलायलाही लागते.

बसवायचं कसं

पहिल्या पाच-दहा कॉम्प्युटरवर शिकायचं असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर पुरे आहे. आकडे ओळखायला हात बसेल. लांबून आणि कायम बघायचं असेल तर झॅबिक्स घ्या. ते ओपन सोर्स आहे, लायसन्सचे पैसे नाहीत. प्रत्येक कॉम्प्युटरवर त्याचा छोटा एजंट बसतो, सोबत स्मार्टमॉनटूल्स हे मोफत साधन टाकायचं. एजंट त्याच्यामार्फत डिस्कच्या नोंदी वाचतो आणि तुमच्या सर्व्हरला पाठवतो. शिकायला दोन-तीन आठवडे जातील, खोटं कशाला सांगू. तेवढा वेळ नसेल तर दर कॉम्प्युटरमागे महिन्याला भाडं घेणारी तयार सॉफ्टवेअर आहेत. ५० कॉम्प्युटरच्या खाली असाल तर ते भाडं परवडतं का, हे आधी कागदावर बघा.

एक अडचण हमखास येते. सर्व्हर स्वतःच्या दुकानात ठेवायचा विचार करता, पण आपल्याकडच्या बऱ्याच ब्रॉडबँड कनेक्शनला स्वतःचा पब्लिक आयपी नसतो, त्यामुळे बाहेरचे कॉम्प्युटर तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत. छोटा क्लाउड सर्व्हर भाड्याने घ्या. एजंट ‘ॲक्टिव्ह’ पद्धतीने लावा, म्हणजे तो स्वतः बाहेर जाऊन सर्व्हरच्या १००५१ पोर्टवर माहिती देतो. कस्टमरच्या राउटरवर एकही दार उघडावं लागत नाही. एन्क्रिप्शन चालू करायला विसरू नका.

अलर्ट कमी ठेवा. प्रोसेसर १०० टक्के चालला म्हणून मेसेज, मेमरी भरली म्हणून मेसेज, असं ठेवलंत तर पंधरा दिवसांत तुमचा माणूस तो ग्रुप म्यूट करेल. मग खरा इशाराही त्याच ढिगात जाईल. फोन वाजवणारे अलर्ट चारच ठेवा: १९७ किंवा १९८ हलला, बॅकअप दोन दिवस झाला नाही, सी ड्राइव्हवर १० टक्क्यांपेक्षा कमी जागा, आणि एकाच ऑफिसचे अनेक कॉम्प्युटर एकदम गेले. बाकीचं सोमवारी सकाळी चहा घेता घेता बघा. एखादा कॉम्प्युटर दिसेनासा झाला तर लगेच घाबरू नका, माणूस रजेवर असेल. कामाचे दोन दिवस दिसला नाही तर एक फोन करा.

किल्ली कोणाच्या हातात

२ जुलै २०२१ ला अमेरिकेतल्या कासेया कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून रॅन्समवेअर पसरलं. हे सॉफ्टवेअर कोण वापरत होतं? तुमच्या-माझ्यासारखे, दुसऱ्यांचे कॉम्प्युटर सांभाळणारे धंदेवाले. कंपनीच्या सांगण्यानुसार थेट फटका ६० पेक्षा कमी ग्राहकांना बसला, पण त्यांच्यामार्फत सुमारे १,५०० छोट्या व्यवसायांपर्यंत तो पोचला. स्वीडनमध्ये कूप या दुकानांच्या साखळीला जवळपास ८०० दुकानं बंद ठेवावी लागली, कारण गल्ल्यावरची मशीन चालेनात.

यातून काय घ्यायचं? बघणं आणि हात लावणं वेगळं ठेवा. तब्येत बघायला फक्त वाचण्याची परवानगी पुरते. झॅबिक्सच्या एजंटमध्ये लांबून कमांड चालवण्याची सोय मुळातच बंद असते, ती बंदच राहू द्या. रिमोट कंट्रोल लागलाच तर कस्टमरने समोरून ‘हो’ दाबल्यावरच जोडणारं सॉफ्टवेअर वापरा. प्रत्येक टेक्निशियनला वेगळं लॉगिन, ओटीपीसारखी दुसरी पायरी, आणि नोकरी सोडली की त्याच संध्याकाळी लॉगिन बंद. १२ ऑफिसांची किल्ली एका पासवर्डवर ठेवून शांत झोप लागते कशी, मला कळत नाही.

कस्टमरच्या ऑफिसातल्या लोकांची भीतीही खरी आहे. एजंट बसवताना कोणीतरी ताई हळूच विचारते, ‘दादा, म्हणजे आता साहेबांना आमची स्क्रीन दिसणार का?’ हसून टाळू नका. स्क्रीनवर नेमकं काय दिसतं ते त्यांना उघडून दाखवा: तापमान, डिस्क, जागा, चालू-बंदच्या वेळा. आणि चालू-बंदच्या वेळा दिसतात हे लपवू नका, कारण उद्या मालक विचारेल, ‘अमुक माणूस किती वाजता येतो ते सांगा ना.’ त्याला नाही म्हणायची तयारी आजच ठेवा. कोणती माहिती घेतो, किती दिवस ठेवतो आणि कोणाला देत नाही, हे एका पानावर लिहून करारासोबत मालकाची सही घ्या. २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आल्यापासून असा कागद फाइलमध्ये असणं तुमच्याच फायद्याचं आहे.

‘काही बिघडतच नाही, मग पैसे कशाचे?’

नीट काम केलंत तर वर्षाच्या शेवटी हा प्रश्न नक्की येणार. त्याचं उत्तर दर महिन्याला आधीच देऊन ठेवायचं. व्हॉट्सॲपवर एक पानाचा रिपोर्ट पाठवा, मराठीत, आलेख कमी आणि वाक्यं जास्त. ‘तीन नंबरच्या कॉम्प्युटरच्या डिस्कमध्ये ६ तारखेला ८ संशयित जागा दिसल्या, ९ तारखेला २४ झाल्या. १० तारखेला जेवणाच्या सुट्टीत डिस्क बदलली. काम थांबलं ४० मिनिटं. डेटा पूर्ण आहे.’ एवढं पुरे. ज्या महिन्यात काही घडलं नाही, त्या महिन्यात तेच लिहा, उगाच भरताड करू नका.

पार्ट्सचा खर्च कस्टमरकडे असलेल्या एएमसीमध्ये अजून एक पेच येतो. कॉम्प्युटर चालू आहे आणि तुम्ही म्हणता डिस्क बदला. मालकाला वाटणारच, ‘हा माल खपवतोय.’ त्याच्या जागी आपण असतो तर आपल्यालाही वाटलं असतं. दोन तारखांचे आकडे शेजारी शेजारी दाखवा. एजंटकडे डिस्कचा सिरीयल नंबर असतो, तो कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी शिल्लक आहे का ते स्वतः बघा, आणि असेल तर नवीन विकण्याआधी तसं सांगा. एक-दोनदा असं केलंत की तिसऱ्या वेळी मालक आकडे मागणार नाही.

काढलेली डिस्क पिशवीत घालून, वर कॉम्प्युटरचा नंबर आणि तारीख लिहून, मालकाच्याच हातात द्या. त्यात त्यांचा डेटा आहे. वॉरंटीत पाठवायची नसेल आणि त्यांना ती नको असेल, तर त्यांच्यासमोर ड्रिलनं भोक पाडा आणि रजिस्टरमध्ये त्यांची सही घ्या.